दंडावरची खरखर घासून जात नाही: केराटोसिस पिलारिस आणि घरची काळजी

प्रश्न थोडक्यात असा: पलूस भागातल्या एका ताईंची मुलगी अकरावीत आहे. तिच्या दोन्ही दंडांच्या बाहेरच्या बाजूला आणि मांड्यांवर बारीक, टोकदार पुटकुळ्या आहेत. हात फिरवला की किसणीवरून फिरवल्यासारखं लागतं. खाज नाही, दुखत नाही, पण थंडीत वाढतं आणि जागोजागी काळपट ठिपके राहतात. बेसन-हळद, लिंबू-साखर, वजरी, मेडिकलमधून आणलेली ट्यूब, सगळं करून झालं. आजी म्हणतात अंगात उष्णता आहे, शेजारच्या बायका म्हणतात पोरगी नीट अंघोळ करत नाही. मुलगी उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचे कपडे घालते. माघात मामाचं लग्न आहे, तोवर हे जाईल का, रक्त तपासायचं का, आहारात काय बदल करायचा, आणि धाकट्या आठ वर्षांच्या मुलाच्या गालांवरही तसंच दिसतंय त्याचं काय, असं त्यांनी विचारलंय.

ताई, तुम्ही केलेल्या वर्णनावरून हे केराटोसिस पिलारिस आहे, यात मला फारशी शंका वाटत नाही. दोन्ही बाजूंना सारखं, दंडाच्या बाहेरच्या अंगाला आणि मांडीवर, खाज नाही, थंडीत जास्त, वयात येताना उठून दिसायला लागलेलं. एवढं जुळलं की ओपीडीत आम्हालाही वेगळी तपासणी लागत नाही. सांगली-मिरज भागात त्वचारोगतज्ज्ञ म्हणून मी बरीच वर्षं काम करतेय, आणि दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत अशी मुलं-मुली सारखी येत असतात. वयात येणाऱ्या मुलामुलींपैकी निम्म्याहून अधिक जणांना आणि मोठ्यांपैकी साधारण ४० टक्के लोकांना हे कमी-अधिक प्रमाणात असतं, असं आमची पुस्तकं सांगतात. संसर्ग नाही, रक्तातला दोष नाही, पुढे याचं काही भलतंच होत नाही. ही त्या त्वचेची ठेवण आहे.

बाकी सगळं सांगण्याआधी एक काम करा. मुलीला समोर बसवून सांगा की तुझ्या स्वच्छतेचा याच्याशी काहीही संबंध नाही. शेजारच्या बायकांनाही ठणकावून सांगा. या त्रासात अंगाला दुखत नाही, मनाला दुखतं. वर्गातल्या मुली ‘तुझ्या हाताला काय झालंय गं’ म्हणून बोट लावून बघतात, घरचे ‘घासून अंघोळ कर’ म्हणतात, आणि पोरगी मे महिन्याच्या उन्हात मनगटापर्यंत बाह्या ओढून फिरते. औषधाइतकीच याचीही काळजी घ्यायला हवी.

आता हे होतं कसं ते सांगते, कारण एकदा ते समजलं की काय करायचं आणि काय नाही हे तुमचं तुम्हालाच कळेल.

आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. त्यात केराटिन नावाचं चिवट प्रथिन भरलेलं असतं. या पेशी रोज न दिसता सुटून पडतात आणि खालून नव्या येतात. तुमच्या मुलीच्या त्वचेत केसाच्या छिद्राच्या तोंडाशी त्या सुटत नाहीत, तिथेच एकावर एक साचतात आणि छिद्राला बूच बसतं. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक पुटकुळीच्या मधोमध पांढुरकं टोक दिसतं, भोवती तांबूस नाहीतर तपकिरी कडं दिसतं, आणि पुष्कळदा बुचाच्या आत वेटोळं घालून बसलेला लवेइतका बारीक केस. वर यायला वाट नाही म्हणून तो आतल्या आत गुंडाळला जातो. दवाखान्यात निर्जंतुक सुईच्या टोकाने ते बूच अलगद उचललं की केस सुटतो आणि सरळ होतो. स्वतःच्या दंडावरची पुटकुळी अशी भिंगातून पाहिलेली मुलगी मग ‘हा मळ आहे का’ असं पुन्हा विचारत नाही. (घरी मात्र सुई, पिन, नख काहीही लावू नका. पू होतो आणि डाग राहतो.)

हे बूच वरवर चिकटलेलं नसतं, छिद्रात खोलवर बसलेलं असतं. वजरीने घासलं की त्याचं डोकं तेवढं उडतं. संध्याकाळी हात गुळगुळीत लागतो, म्हणून वाटतं उपाय लागू पडला. बुचाचा बाकीचा भाग छिद्रात तसाच असतो. शिवाय सारखं घासल्याने त्वचा आणखी जाड थर तयार करते, आणि त्या जागी जो दाह होतो त्यातून आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर काळा डाग उमटतो. मुलीच्या हातावरचे जे ठिपके तुम्हाला पुटकुळ्यांपेक्षा जास्त खटकतायत, त्यातले बरेचसे या घासण्याने पडलेले असणार. वजरी टाचेसाठी ठेवा. घोसाळ्याची वाळकी जाळी, काथ्या, प्लास्टिकचा स्क्रबर, अक्रोडाच्या टरफलाचा चुरा घातलेलं स्क्रब, हे सगळं दंडापासून लांब.

लिंबू-साखरेचं तर मी कडकच सांगते. साखरेचे कण धारदार असतात, आणि लिंबाच्या रसातल्या काही घटकांवर ऊन पडलं की त्वचा भाजल्यासारखी होते, नंतर काळे चट्टे उठतात. लिंबू लावून उन्हात कपडे वाळत घालायला गेलेल्या बायकांच्या हातावर ओघळांच्या आकाराचे डाग मी पाहिलेत. खायचा सोडा हाही असाच नको.

हळदीबद्दल सांगलीत बोलायचं म्हणजे जपूनच बोलावं लागतं. आपल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, इथल्या पेठेत तिच्यावर घरं चालतात, आणि हळद दाह कमी करते हे प्रयोगशाळेत दिसलेलंही आहे. पण या बुचावर ती चालते असा पुरावा नाही. दिवाळीच्या अभ्यंगाला किंवा लग्नाच्या हळदीला लावायला काहीच हरकत नाही. फक्त उटणं जाडसर असेल तर वस्त्रगाळ करून घ्या, आधी तेल लावा, दुधात किंवा पाण्यात पातळ कालवून नुसतं तळहाताने फिरवा आणि धुऊन टाका. नुकसान होतं ते वाळलेलं उटणं खरवडून काढताना.

हे घरात कुणाकडून आलं असेल असं वाटत असेल तर आधी तुमचेच दंड बघा, मग तिच्या वडिलांचे. आई-वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलात ते उतरण्याची शक्यता साधारण निम्मी असते, फक्त प्रत्येकात कमी-जास्त दिसतं. आणखी एक बघायला सांगते. मुलीचा तळहात उजेडात धरा. अंगठ्याखालच्या मांसल भागावर बारीक रेषांचं दाट जाळं आहे का? नडगीवर थंडीत पातळ खवले सुटतात का? लहानपणी तिला कोपराच्या लवणीत खाजरा इसब होऊन गेलाय का? यातलं काही असेल तर तिच्या त्वचेत मुळातच ओलावा टिकत नाही. फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातला दोष आणि अशी खवले सुटणारी कोरडी त्वचा यांचा संबंध २००६ मध्ये स्पष्ट झाला. केराटोसिस पिलारिस असलेल्या पुष्कळ जणांत हाच दोष सापडतो. म्हणूनच या सगळ्या उपचारात पहिलं काम ओलावा धरून ठेवण्याचं आहे, बूच विरघळवण्याचं त्यानंतरचं.

तर सुरुवात न्हाणीघरातून करू.

आपल्या भागात थंडीत बंब पेटतो आणि अंगाला चटका बसेल इतकं पाणी घेतल्याशिवाय अंघोळ झाल्यासारखी वाटत नाही. तेच पाणी त्वचेतली नैसर्गिक स्निग्धता काढून नेतं. कोमट पाणी, पाच ते दहा मिनिटं, एवढंच. साबण काखा, जांघा, पाय आणि जिथे घाम-मळ आहे तिथेच. दंड-मांड्यांना रोज साबण लागत नाही. लावायचाच असेल तर सिंडेट बार, म्हणजे क्षार नसलेली, साबणासारखीच दिसणारी वडी मिळते, ती घ्या. साध्या साबणाची क्षारता जास्त, त्याचा पीएच ९ ते १० असतो, तर त्वचेचा ५ च्या आसपास. वेष्टनावर टीएफएमचा (साबणातल्या एकूण स्निग्धांशाचा) मोठा आकडा असलेला साबण दर्जाला चांगला असतो, पण क्षारता त्याचीही तशीच. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, इकडे साताऱ्यात माण-खटाव, जिथे बोअरचं जड पाणी वापरात आहे तिथे साबणाचा फेस होत नाही म्हणून लोक आणखी साबण चोळतात, आणि जड पाण्यात साबणाचा चिकट थर अंगावर बसतो. तिथल्या लोकांनी साबण कमी आणि धुणं जास्त, असं ठेवावं.

अंघोळ झाली की पंचाने टिपून घ्यायचं, रगडायचं नाही. आणि अंग ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर लावायचं. या तीन मिनिटांचा मी फार आग्रह धरते. कपडे घालून, वेणी घालून, चहा पिऊन मग लावलेलं क्रीम कोरड्या त्वचेवर नुसतं वर बसतं. ओल्या त्वचेवर लावलं की आतलं पाणी आतच राहतं.

कुठलं लावायचं? महाग असायलाच हवं असं नाही. पांढरं पेट्रोलियम जेली या कामाला उत्तम आहे. ते चिकट वाटतं म्हणून रात्री वापरा आणि दिवसा ग्लिसरीन असलेलं साधं लोशन. नुसतं ग्लिसरीन लावलं तर चुरचुरतं, पाण्यात किंवा गुलाबपाण्यात मिसळून घ्या. खोबरेल तेलही कोरड्या त्वचेला चांगलं. पण आपल्याकडे तेल अंघोळीआधी चोळायचं आणि मग शिकेकाई-साबणाने सगळं काढून टाकायचं अशी पद्धत आहे. या त्वचेला अंघोळीनंतरचं तेल लागतं. आजींना हे पटवणं अवघड जाईल, तर दोन्ही वेळा लावा. सुवासिक बॉडी लोशन टाळा, सुगंधाने काहींना पुरळ येतं.

किती लावायचं हेही सांगते, कारण कंजूषपणा इथे फार होतो. ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत क्रीमची एक रेघ काढा. ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं आणि मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. दोन्ही दंडांच्या बाहेरच्या बाजूला मिळून दोन रेघा तरी लागतातच. म्हणजे दिवसातून दोनदा लावलं तर ३० ग्रॅमची ट्यूब नुसत्या दंडांना पंधरा दिवसच जाते. एवढीशी ट्यूब चार महिने पुरवणाऱ्या पेशंटला मी सरळ सांगते, तुम्ही औषध लावलेलंच नाही.

पहिले दोन आठवडे एवढंच करा: घासणं बंद, कोमट पाणी, दोन वेळा ओलावा. पुष्कळांची खरखर यानेच थोडी उतरते.

तिसऱ्या आठवड्यापासून बूच सैल करणारं क्रीम सुरू करायचं. यात माझी पहिली पसंती युरियाला. १० टक्के युरिया ओलावा धरतो, २० टक्क्यांच्या आसपास गेला की साचलेलं केराटिन मऊ करून सोडवतो. शेतीच्या युरियाशी नाव आणि रसायन एकच असलं तरी पोत्यातला युरिया पाण्यात कालवून अंगाला लावू नका. हे मुद्दाम लिहितेय, कारण असा प्रश्न मला खरंच विचारला गेलाय. त्वचेच्या क्रीममधला युरिया शुद्ध केलेला, मोजून घातलेला असतो.

दुसरा पर्याय लॅक्टिक अ‍ॅसिड, १० ते १२ टक्के. तेही ओलावा धरतं आणि पेशींमधली पकड ढिली करतं. तिसरा सॅलिसिलिक अ‍ॅसिड, ३ ते ६ टक्के, जे छिद्रात जास्त चांगलं उतरतं पण त्वचा कोरडी करतं. थायलंडमधल्या एका अभ्यासात १० टक्के लॅक्टिक आणि ५ टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिड १२ आठवडे लावून पाहिलं, तेव्हा पुटकुळ्या अनुक्रमे सुमारे ६६ आणि ५२ टक्क्यांनी कमी झाल्या. या आकड्यांत दोन गोष्टी बघा. फरक खरोखर पडतो, आणि बारा आठवडे नेमाने लावूनही तो शंभर टक्के नसतो. जो कुणी ‘सात दिवसांत गुळगुळीत’ म्हणून काही विकत असेल त्याला हे आकडे दाखवा.

तिन्ही एकदम आणून एकावर एक लावू नका. एकच निवडा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागी तीन रात्री लावून बघा. काही झालं नाही तर दंडावर एक रात्र आड, आणि आठवडाभर सोसलं की रोज रात्री. लावल्यावर मिनिटभर चुरचुरणं चालतं. लाल होऊन आग आग होणं चालत नाही. तसं झालं तर धुवा, दोन-चार दिवस नुसतं मॉइश्चरायझर लावा, मग पुन्हा आठवड्यातून दोनदापासून सुरू करा. खरचटलेल्या, वॅक्सिंग केलेल्या किंवा रेझर फिरवलेल्या त्वचेवर दोन-तीन दिवस लावायचं नाही. द्राक्षबागेत, उसात कामाला जाणाऱ्या बायकांना मी शनिवार-रविवारवर भागवायला सांगते, कारण उसाच्या पानांनी ओरखडलेल्या हातांवर हे औषध जीव घेतं. लॅक्टिक किंवा त्याच जातीचं ग्लायकोलिक अ‍ॅसिड लावत असाल तर त्या त्वचेला ऊन जास्त लागतं. दिवसा उघड्या दंडांना सनस्क्रीन हवं.

सॅलिसिलिक अ‍ॅसिड लहान मुलांच्या मोठ्या भागावर नको, आणि ज्यांना अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी आहे त्यांना अजिबात नको. अ‍ॅडापलीन, ट्रेटिनॉइन ही रेटिनॉइड वर्गातली क्रीमंही चालतात, पण ती चिडचिड करतात आणि गरोदरपणात वर्ज्य आहेत. ती डॉक्टरांनी बघून दिल्याशिवाय सुरू करू नका.

आता त्या मेडिकलमधल्या ट्यूबचं. नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण ‘खाज, गजकर्ण, पुरळ सगळ्यावर चालते’ म्हणून काउंटरवरून दिली जाणारी ट्यूब बहुतेक वेळा स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध यांचं मिश्रण असते. मागच्या बाजूला बारीक अक्षरात क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यातलं काही लिहिलंय का बघा. स्टिरॉइडने भोवतालची लाली दोन-चार दिवसांत उतरते, म्हणून गुण आल्यासारखा वाटतो. बुचाला मात्र त्याने काही होत नाही. महिनोन्‌महिने लावत राहिलं तर त्वचा पातळ होते, काखेजवळ आणि मांडीच्या आत पांढरे-जांभळे पट्टे पडतात, आणि ते पट्टे पुन्हा जात नाहीत. पंधरा-सतरा वर्षांच्या मुलींच्या मांड्यांवर असे पट्टे बघून मला फार वाईट वाटतं, कारण मूळ तक्रार साधी असते आणि नुकसान कायमचं होऊन बसतं. ती ट्यूब थांबवा. खूप दिवस लावली असेल तर थांबवल्यावर काही काळ लाली-आग वाढू शकते. तसं झालं तर पुन्हा लावू नका, दाखवायला या. एखाद्या लालबुंद झालेल्या केसमध्ये आम्हीही सौम्य स्टिरॉइड थोडे दिवस देतो, पण ते बघून आणि दिवस मोजून.

रक्त तपासायचं का, तर एवढ्यासाठी नाही. मात्र मुलीची पाळी अनियमित असेल, वजन झपाट्याने वाढलं असेल, मानेची मागची बाजू मखमली काळी झाली असेल, तर साखर आणि इन्सुलिनच्या दृष्टीने तपासणी हवी. थकवा, केस गळणं, थंडी न सोसणं असेल तर थायरॉइडची. थायरॉइड कमी पडलं की त्वचा कोरडी होते आणि खरखर वाढते.

अंगातली उष्णता, रक्तशुद्धीचे काढे, दूध-गहू बंद करणं, यापैकी कशाचाही उपयोग नाही. वाढत्या वयाच्या मुलीचं दूध बंद केलं तर तोटाच आहे. व्हिटॅमिन ‘ए’च्या गोळ्या मनाने देऊ नका, त्या शरीरात साठतात आणि जास्त झाल्या तर यकृताला त्रास देतात. व्हिटॅमिनच्या आणि आवश्यक स्निग्धाम्लांच्या कमतरतेने होणारं असंच एक पुरळ आहे, फ्रिनोडर्मा म्हणतात त्याला. त्यात कोपरं, गुडघे आणि नितंबांवर मोठ्या, टोकदार, काळपट गाठी येतात आणि मूल सहसा किरकोळ, अशक्त असतं. ते दिसलं तर उपचार वेगळे. तुमच्या मुलीचं वर्णन तसं नाही. रोजच्या जेवणात पालेभाजी, गाजर, अंडं, शेंगदाणे, करडईचं तेल असेल तर पुरे.

आणखी एक निरीक्षण सांगते, फसवणूक टळावी म्हणून. आपल्याकडे मृग लागला, हवेत दमटपणा आला की या त्वचा आपोआप मऊ होतात. त्यामुळे मे-जूनमध्ये सुरू केलेल्या कुठल्याही औषधाला श्रावणात यश मिळतं, मग ते मलम असो, काढा असो की कुणी दिलेला अंगारा. खरी परीक्षा मार्गशीर्ष-पौषातल्या कोरड्या वाऱ्यात होते. महाबळेश्वर-पाचगणीला हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलांचं हे थंडीत हमखास बळावतं, आणि सुट्टीत घरी आली की कमी दिसतं. कुठला उपाय चालला हे ठरवायचं असेल तर मागच्या पौषातल्या फोटोशी या पौषातला फोटो ताडून बघा.

लग्नाचं बोलू. कार्तिक चालू आहे, म्हणजे माघापर्यंत साधारण तीन महिने आहेत. आजपासून नेमाने केलं तर खरखर चांगलीच कमी होईल, हाताला जाणवेल. चार ते सहा आठवड्यांत पहिला फरक, बारा आठवड्यांत पुरेसा. काळे ठिपके मात्र तेवढ्यात जाणार नाहीत. त्यांना कित्येक महिने, कधी वर्षही लागतं, आणि नवे पडणं थांबलं तरच जुने फिके होतात. लग्नाआधीच्या दहा-बारा दिवसांत कुठलंही नवं क्रीम, पार्लरमधलं पीलिंग, बॉडी पॉलिशिंग करू नका. वॅक्सिंग करायचं असेल तर आठवडाभर आधी, आणि त्याच्या आधीचे-नंतरचे तीन दिवस युरिया-अ‍ॅसिड बंद. वॅक्सिंगने या त्वचेत केस आत अडकण्याचं प्रमाण वाढतं, हेही तिला माहीत असू द्या. लेझरने केस कमी करण्याचा काहींना चांगला उपयोग होतो, आपल्या वर्णाला त्यातला एनडी-याग नावाचा प्रकार जास्त सुरक्षित. पण अकरावीतल्या मुलीला मी आत्ताच ते सुचवणार नाही. आणि तिला बिनबाह्यांचं ब्लाउज घालायचं असेल तर घालू द्या, हात कसाही असो.

लग्नानंतर थांबलात तर काही आठवड्यांत सगळं परत येईल. औषध निकामी ठरलं असा त्याचा अर्थ काढू नका. बूच तयार होणं चालूच असतं. गुण आला की अ‍ॅसिडचं किंवा युरियाचं क्रीम आठवड्यातून दोन-तीन रात्रींवर आणा, मॉइश्चरायझर रोज चालू ठेवा. वय वाढेल तसं, बहुतेकांत तिशीपर्यंत, हे आपणच ओसरतं. काहींत राहतं.

पुढीलपैकी काही दिसलं तर मात्र घरी वेळ घालवू नका. पुटकुळ्यांत पू, ठणका, ताप. जोराची खाज, विशेषतः घरात इतरांनाही आणि रात्री. पाठ-छातीवर एकसारखे खाजरे दाणे, जे बुरशीचे असू शकतात. भुवयांच्या बाहेरच्या टोकाचे केस विरळ होऊन तिथे लाली. तळहात-तळपाय जाड पिवळसर होणं. मोठ्या वयात अचानक सुरू झालेलं. केसांच्या मुळाशी जांभळे ठिपके आणि हिरड्यांतून रक्त, हे ‘सी’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं लक्षण असू शकतं. अशा वेळी जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. सांगली आणि मिरज दोन्हीकडे शासकीय रुग्णालय आहे, साताऱ्यातही जिल्हा रुग्णालय आहे. पैशांची अडचण असेल तर तिथे जायला संकोच करू नका.

राहिला धाकटा. आठ वर्षांच्या मुलाच्या गालांवर बाहेरच्या बाजूला बारीक खरखर आणि थोडी लाली असेल तर तेही बहुधा हेच आहे. लहान मुलांत गालांवर सर्रास दिसतं आणि वाढत्या वयात पुष्कळदा मावळतं. पण त्याला बहिणीचं क्रीम लावू नका. २० टक्के युरिया किंवा अ‍ॅसिड मुलाच्या गालाला फार तिखट होतं, आणि चुकून ती जुनी ट्यूब लागली तर गालाची त्वचा हातापेक्षा लवकर पातळ होते. तोंड धुताना साबण नको, नुसतं कोमट पाणी. सकाळी शाळेत जाताना आणि रात्री झोपताना बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर, ओल्या गालांवर. गालांवर पांढुरके, अस्पष्ट कडांचे चट्टे असतील तर ते वेगळं असतं. लोक त्यांना जंत झाल्याची खूण समजतात, पण तीही कोरडेपणाचीच तक्रार आहे आणि तिलाही पहिला उपाय हाच. त्याचे दंड आणि मांड्याही एकदा उजेडात बघून ठेवा. तिथे खरखर सुरू झालेली असेल तर त्यालाही आत्तापासूनच अंघोळीनंतर लगेच क्रीम लावायची सवय लावा, आणि त्याच्या हातात वजरी कुणी देणार नाही एवढं बघा.